पोकलेनचा पाइप आणि बोटावरचा ठिपका

देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरे आणि पर्यटकांसाठी उठलेल्या खोल्या. मालवणच्या जुन्या वस्तीतही हीच गत. दोन गडग्यांमधून पोकलेन कसेबसे आत जाते. एकदा गेले की वळायला जागा नाही. मृग लागण्याआधी पाया आणि शौचालयाची टाकी खणून व्हायला हवी म्हणून घाई असते. (पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव, पण कोकणात ते यंत्राचेच होऊन बसले आहे.)

अशा जागी मशीनच्या मागच्या वजनाखाली, भिंतीशी चेंगरण्याची भीती सगळ्यांना कळते. ऑपरेटर हॉर्न देतो, हेल्पर पोरांना हाकलतो. ज्या इजेची भीती कुणालाच वाटत नाही, ती मात्र दुरुस्तीच्या वेळी होते आणि टाचणी टोचल्याइतकीच दिसते.

वीस टनांच्या पोकलेनमध्ये हायड्रॉलिक तेलाचा दाब सुमारे ३५० बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो. माणसाची कातडी भेदायला सातेक बार दाबाची बारीक धार पुरते. हे तेल ज्या रबरी पाइपातून वाहते, त्याच्या आत पोलादी तारेची वीण असते. अरुंद जागेत बूम फिरवताना पाइप चिऱ्याला, माडाच्या खोडाला घासतो आणि वरचे रबर सोलवटते. मग खारा दमट वारा तारेपर्यंत पोचतो, तार गंजते आणि एक दिवस सुईच्या अग्राएवढे भोक पडते. त्यातून निघणारी धार इतकी बारीक असते की नुसते धुके दिसते, कधी तेही नाही.

तेल गळते आहे एवढे कळते, कुठून ते कळत नाही. मग माणूस जे सहज करतो तेच होते : पाइपावरून हात फिरवून ओल चाचपायची. बोट पाइपाला टेकावेच लागते असेही नाही. तेल कातडीतून आत शिरते आणि स्नायुबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत पसरते. साधे हातमोजे ही धार अडवू शकत नाहीत.

पहिला तास-दोन तास फसवे असतात. बोटावर एक ठिपका, किंचित बधिरपणा. रक्तही फारसे नाही. हात पुसून काम पुढे सुरू होते. संध्याकाळपर्यंत बोट फुगते, पांढरे किंवा निळसर पडते आणि ठणका असह्य होतो. तेलाच्या दाबाने आतला रक्तपुरवठा तुटत असतो आणि तेलाच्या रसायनांनी ऊती मरत असतात. वैद्यकीय नियतकालिकांत या इजेची नोंद १९३७ पासून आहे. २००६ मध्ये हाताच्या अशा ४३५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ३० टक्क्यांना अवयव गमवावा लागला होता. आत शिरलेला पदार्थ आणि त्याचे प्रमाण यांवर बरेच अवलंबून असते, पण शस्त्रक्रियेला किती उशीर झाला हेही तितकेच महत्त्वाचे ठरते. पहिले सहा तास मोलाचे.

या सहा तासांतच जवळच्या सरकारी रुग्णालयापर्यंतची वाट आणि तिथून पुढे पाठवले तर ओरोस किंवा गोव्यातल्या बांबोळीचा रस्ताही येतो. म्हणून दुखायची वाट पाहत बसणे परवडत नाही. जखम पिळू नये, हळद दाबू नये, बोट आवळून बांधू नये, बर्फ लावू नये. हात उंच धरावा. शस्त्रक्रिया लागणार असल्याने काही खाऊ-पिऊ नये; वाटेतला चहासुद्धा नको. तेलाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून न्यावा. केसपेपर काढतानाच ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल बोटात गेले आहे’ हे शब्द सांगावेत, कारण नुसते ‘काहीतरी टोचले’ म्हटले तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन रुग्ण घरी परत येऊ शकतो. तेल एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. बोट बधिर करायला बोटाच्या मुळाशी सुई देणेही इथे टाळतात. आधीच फुगलेल्या बोटात दाब आणखी वाढतो.

मशीन बंद केले म्हणजे दाब गेला, हाही गैरसमजच. जागा नाही म्हणून बूम उचललेला आणि बकेट हवेत लटकत ठेवून दुरुस्ती सुरू होते. त्या सगळ्या वजनाचा दाब तेलावर असतो. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचे आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लिव्हर सगळ्या दिशांना हलवून उरलेला दाब काढायचा. टेकवायला जागाच नसेल तर मशीन आधी गडग्याबाहेर काढलेले बरे. एखादा तास मोडतो आणि भाडे तासावर असते, त्यामुळे मालकाच्या कपाळाला आठी पडते, हे खरे.

गळती शोधायला बोटाऐवजी पुठ्ठा वापरायचा. खोक्याचा जाड तुकडा पाइपापासून जरा दूर धरून फिरवला की तेलाचा डाग पडतो आणि भोक सापडते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम रेटता येत नाही. पाइप बदलावाच लागतो.