सहाव्या वर्षी येणारी दाढ

आपल्या मराठी घरांत मुलाच्या दातांचे कौतुक दोनदाच होते. पहिला दात हिरडीतून डोकावला की आजी बोट फिरवून पाहते आणि ती वार्ता सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत पोहोचते. पुढे पाच-सहा वर्षांनी तोच दात हलून पडला म्हणजे तो कौलांवर फेकण्याचा समारंभ होतो. (इंदुरात आता कौले फारशी उरली नाहीत; मुले गच्चीवर फेकतात.) या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात त्या दातांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मूल रात्री गालावर हात ठेवून रडू लागले की लवंगेच्या तेलाची बाटली शोधली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे धाव घेतली जाते.

दंतशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. आम्ही शासकीय शाळेत मुख्याध्यापक आहोत आणि मराठी हा आमचा अभ्यासाचा विषय. परंतु रजेचे अर्ज वाचण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला काही गोष्टी आपोआप कळू लागतात. ताप आणि पोटदुखी यांच्या खालोखाल दाढदुखीचे अर्ज येतात. जे मूल अर्ज न देता शाळेत येऊन बसते, त्याची स्थिती तर अधिक कठीण असते. ते प्रश्नाचे उत्तर देत नाही, डबा अर्धा परत नेते, आणि शिक्षक त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतात. रात्रभर ते झोपलेलेच नाही, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित मराठी कुटुंबातील मुलीची हकीकत सांगण्याजोगी आहे. ती सातवीत असताना तिची खालची एक दाढ काढावी लागली. दाढ पोखरून नुसते कवच उरले होते. वडील निर्धास्त होते. "दुधाचीच दाढ ना, पुन्हा येईल," असे ते आम्हांलाही म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ती दाढ दुधाची नव्हती. ती सहाव्या वर्षी आलेली, जन्मभर पुरावयाची दाढ होती आणि तिच्या जागी दुसरी येणार नव्हती.

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दुधाचे दात वीस. ते साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. कायमचे दात म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी येणारे, अशी आपली समजूत असते. पुढच्या दातांपुरती ती खरीही आहे. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, दोन्ही जबड्यांत दोन्ही बाजूंना मिळून चार नव्या दाढा मुकाट्याने उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. तोंडाच्या अगदी मागे असल्याने मुलाचा ब्रश तेथवर पोहोचत नाही. त्यांच्या माथ्यावरील खाचा अरुंद व खोल असतात, त्यांत पोळीचा, बिस्किटाचा कण अडकून बसतो. आणि चर्वणाचा मुख्य भार तर जन्मभर यांनीच वाहावयाचा असतो.

मग दुधाच्या दातांचे काय? ते पडणारच आहेत, त्यांच्यावर खर्च कशाला, असे अनेक पालक आम्हांला विचारतात. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. मुलाचे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला त्यांच्यावरच जेवावयाचे असते. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. पुढे चौदाव्या वर्षी तारा बसविण्यासाठी जो खर्च होतो, त्याचे मूळ कधी कधी पाचव्या वर्षीच्या दुर्लक्षात असते. शिवाय दुधाच्या दाताचे इनॅमल पातळ असल्याने कीड झपाट्याने आत उतरते, आणि मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते.

'कीड' हा शब्द मात्र फसवा आहे. दाताला अळी लागते या समजुतीने आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देत असत. धुरीने ठणका काही काळ थांबल्यासारखा वाटला, तरी खड्डा होता तेथेच राहतो. खरा प्रकार असा की दातांवर सतत एक चिकट थर साचतो, त्यातील सूक्ष्म जंतू साखरेचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल इनॅमलमधील क्षार विरघळविते. लाळ ही हानी अर्ध्या-पाऊण तासात बरीचशी भरून काढते. तेवढी उसंत मात्र तिला मिळाली पाहिजे. म्हणून जेवणात पोटभर श्रीखंड खाणाऱ्या मुलापेक्षा दर तासाला एक गोळी चघळणाऱ्या मुलाचे दात अधिक लवकर जातात. इंदूरच्या पोहे-जिलेबीला आम्ही दोष देत नाही. ती सकाळी एकदा खाऊन होते. दोष आहे तो दिवसभर चालणाऱ्या चिवट चॉकलेटांचा, आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाच्या बाटलीचा. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. तो सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने करावा. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

आता दंतवैद्याकडील नियमित तपासणी व सफाई यांविषयी. पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी, असे बालदंतवैद्य सांगतात. हे ऐकून आमच्या पिढीला हसू येईल. त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी जावे. ज्या मुलाचे दात वारंवार किडतात त्याला तीन महिन्यांनी, तर ज्याचे निरोगी आहेत त्याला वर्षाने बोलाविले तरी चालते. ते डॉक्टरांनी ठरवावे. दोन दाढांच्या फटीत लागलेली कीड आईला कितीही तोंड उघडून पाहिले तरी दिसत नाही, आणि दुखू लागते तेव्हा ती बहुधा मज्जेच्या जवळ जाऊन पोहोचलेली असते.

मुलांच्या सफाईत भिण्याजोगे काहीच नसते. आरशाने तपासणी होते. फिरत्या रबरी वाटीने थर पुसला जातो, त्याने मुलांना गुदगुल्या होतात. कोठे कीटण घट्ट बसले असेल, विशेषतः खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला, तर ते खरवडून काढतात. ब्रशाने ते निघत नाही. त्यानंतर गरजेप्रमाणे फ्लोराइडचा लेप लावतात. सहाव्या वर्षीच्या त्या दाढांच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजविता येतात, त्याला सुई लागत नाही, दातही कोरावा लागत नाही. वर सांगितलेल्या मुलीची दाढ या एका उपायाने वाचण्याचा पुष्कळ संभव होता. सफाईने दात हलू लागतात ही समजूतही चुकीची आहे. कीटण निघाल्यावर त्यामागची फट जिभेला जाणवते, एवढेच.

ज्या मुलाची दंतवैद्याशी पहिली गाठ चिमट्यानेच पडते, ते पुढे वीस वर्षे त्या दाराकडे फिरकत नाही. दुखत नसताना नेलेले मूल खुर्ची वरखाली करून घेऊन हसत परत येते. "ऐकले नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील," हे वाक्य तरी आपल्या माता-भगिनींनी घरातून हद्दपार करावे.

एक गोष्ट आमच्या मुलखाची. धार आणि झाबुआ या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. लीटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानतात. तिकडून आलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. दात घासत नाहीस म्हणून अशा मुलाला वर्गात रागावणे हा अन्याय आहे. कायमच्या दातांचे इनॅमल बालपणी हिरडीच्या आत घडत असतानाच तो डाग पडलेला असतो, कितीही घासले तरी जात नाही. तशा गावात पिण्याचे पाणी बदलणे हाच उपाय, आणि पेस्ट कोणती वापरावी हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे.

भाषेच्या शिक्षकाला आणखी एक विषय सुचल्याखेरीज राहत नाही. त, थ, द, ध, न यांना आपले व्याकरण दंत्य म्हणते. वरचे पुढचे दात तिसऱ्या-चौथ्या वर्षीच किडून गेले तर बोलण्यास शिकण्याच्या ऐन काळात मुलाचे उच्चार, विशेषतः 'स', बोबडे होऊ शकतात. 'चमचा'तला 'च' मात्र आपल्या इंदुरी मुलांना जमत नाही त्याला दात जबाबदार नाहीत. तो प्रताप शेजारच्या हिंदीचा!

असो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके शासकीय शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येतात. त्यांच्या तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. गंमत अशी की ही सोय आमच्या शाळेतील हमालाच्या मुलाला मिळते, आणि खासगी शाळेत फी भरून शिकणाऱ्या आपल्या मुलांचे दात मात्र कोणी पाहत नाही. त्यांच्यासाठी पालकांनाच उठावे लागेल. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे सकाळी लवकर गेलेले बरे. आणि ज्यांची मुले शासकीय शाळेत आहेत त्यांनी पथक येऊन गेल्याच्या संध्याकाळी दप्तर एकदा उलटे करून पाहावे. पुढील उपचारांसाठी दिलेल्या चिठ्ठ्या आम्हांला वार्षिक परीक्षेच्या सुमारास, वह्यांच्या तळाशी चुरगळलेल्या सापडतात.