एका खोलीच्या घरात आराम कसा आणायचा?



आज आपण खोलीबद्दल बोलू. आपल्यापैकी पुष्कळ जणींचं घर म्हणजे एकच खोली, फार तर पुढे एक पडवी. त्यातच गॅस किंवा चूल, त्यातच देव, त्यातच मुलांचा अभ्यास आणि रात्री सगळ्यांची अंथरुणं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घरकुल घेतलं तरी त्याचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सपाट भागात त्याला मदत मिळते १ लाख २० हजार रुपयांची. भिंती आणि छप्पर उभं राहीपर्यंत पैसे संपतात. आत सुखानं राहायचं कसं, हे मग घरातल्या बाईनं बघायचं.

आम्ही गटाच्या बैठकांसाठी घरोघरी बसतो. कर्जाच्या अर्जात अलीकडे सोफा, शोकेस, भिंतीवरचा टीव्हीचा कप्पा असली कारणं वाढली आहेत. चांगलं राहावंसं वाटणं यात काहीच चुकीचं नाही. पण आधी हिशोब मांडून पाहा. समजा १२,००० रुपयांच्या सोफ्यासाठी गटातून दरमहा शेकडा २ रुपये व्याजानं कर्ज काढलं आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडलं. बारा महिन्यांत नुसतं व्याजच १,५६० रुपये होतं. सोफा पडला १३,५६० रुपयांना, आणि दहा बाय दहाच्या खोलीत रात्री अंथरूण टाकायची जागा गेली ती वेगळीच. त्या व्याजाच्या रकमेत चुना, दोन-तीन चांगले दिवे आणि एक-दोन फळ्या सहज बसतात. त्यांचा उपयोग पाहुण्यांना तासभर आणि घरच्यांना वर्षभर होतो.

आपल्याकडे आराम म्हणजे तीन गोष्टी: उन्हाळ्यात गारवा, पावसाळ्यात कोरडेपणा आणि थंडीत ऊब. या तिन्ही साधल्या की सजावटीचं काम निम्मं झालंच म्हणून समजा.

आधी उन्हाळा. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात उष्णता मुख्यतः वरून येते. म्हणून खर्चाचा पहिला रुपया छपरावर घाला. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबाद शहरात गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवण्याचा उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तो याच कारणासाठी. स्लॅब असेल तर चुन्याचे दोन हात पुरतात. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा द्यायचा. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे बाहेरच्या भिंतीला देतात तसला पांढरा रंग द्यावा, नाहीतर पत्र्याच्या वर हातभर अंतर ठेवून शेडनेट ताणून बांधावं. मधून वारा खेळला पाहिजे, नेट पत्र्याला चिकटलं तर उपयोग कमी होतो. वळवाच्या वाऱ्याआधी ते काढून ठेवा. पत्र्यावर उसाचं पाचट टाकल्यानं गारवा येतो हे खरं, पण एक ठिणगी पुरते आणि विंचू-उंदीरही त्यात घर करतात. दोडका किंवा दुधीचा वेल दोरीवरून चढवला तर सावली मिळते आणि भाजीही. छपरावर मात्र कुणीही एकट्यानं चढू नये, आणि खाली अँगल किंवा वासा असेल तिथेच पाय द्यावा.

खिडक्यांचीही वेळ पाळा. दुपारी उन्हाच्या बाजूची खिडकी बंद किंवा पडद्याआड ठेवा आणि सूर्य मावळला की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. गरम हवा वर जाते, म्हणून भिंतीच्या वरच्या भागात एखादा झरोका असला तर तो बुजवू नका, जाळी लावा. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात खिडकीला ओलं पोतं टांगलं की येणारा वारा गार होतो. कोकणात हवेतच ओल असते, तिथे त्याचा फायदा होत नाही.

आता पावसाळा. भिंतीला ओल आली की पहिला विचार येतो रंगाचा. पण ओलीवर प्लॅस्टिक रंग मारला तर पुढच्या पावसात पोपडे सुटतात आणि पैसे पाण्यात जातात. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पुष्कळदा पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडत असतात. तिथे पन्हळ लावून पाणी लांब सोडलं किंवा पायथ्याला उताराची फरशी टाकली, की ओल कमी होते. भिंत वाळली की आतून चुना द्या. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते, बुरशी कमी धरते आणि खोली उजळ दिसते. आधीचा तेलरंग असेल तर तो खरवडून काढावा लागतो, त्यावर चुना धरत नाही.

चुना भिजवताना काळजी घ्या. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि मग त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी ओतू नका. ती रटरटा उकळते आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, सकाळी कापडानं गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गेरूचा पट्टा ओढला तर हाताचे, डोक्याचे डाग दिसत नाहीत. आपल्या आज्या हेच करत होत्या.

थंडीसाठी आपल्याकडे गोधडीसारखी दुसरी वस्तू नाही. एका सुती नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर तयार होतात. बाहेरून एक चांगल्या रंगाचं लुगडं लावा आणि उभा धावदोरा घाला. खाली सिमेंटची गार फरशी असेल तर आधी पोतं, मग चटई, मग गोधडी असं अंथरा. एक सूचना मात्र कळकळीची आहे. थंडीत किंवा बाळंतिणीला शेक म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कुणीही झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की शेगडी बाहेर काढा.

दिव्याचं गणित सोपं आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. एलईडीच्या खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेलं असेल तर उजेड पिवळसर पडतो, ६५०० के म्हणजे पांढराशुभ्र. अभ्यासाला आणि स्वयंपाकाला पांढरा, झोपण्या-बसण्याच्या बाजूला पिवळसर लावा. एकाच खोलीचे दोन भाग वाटू लागतात.

आता पसारा. एक फूट रुंदीची फळी दारापेक्षा उंच, तीन भिंतींना फिरवली की डबे, अंथरुणं, पुस्तकं वर जातात. वलणीवर कपडे लोंबकळले की खोली लहान दिसते. रोजच्या कपड्यांना खुंट्या करा आणि बाकीचे ट्रंकेत ठेवा. ट्रंकेवर गोधडीची घडी टाकली की बसायला जागा झाली. जुन्या कपड्यांनी भरलेलं पोतं, वर साडीची खोळ, हा लोड झाला. साडीच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणी होतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही बायकांना विचारतो, या घरात तुमची जागा कुठली? बऱ्याच जणी हसतात आणि ओट्याकडे बोट दाखवतात. खोली कितीही छान लावली, पण वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला आडोसा नसेल, सासूबाईंना दुपारी पाठ टेकायला कोपरा नसेल, दिवसभर रानात वाकलेल्या बाईला घटकाभर बसता येत नसेल, तर तो आराम कुणाचा?

यासाठी एक सहावारी साडी पुरते. तिची लांबी साधारण अठरा फूट. सात-सात फुटांचे दोन पडदे निघतात आणि उरलेल्या चार फुटांत खिडकीचा पडदा होतो. दोन भिंतींच्या मध्ये जाड तार ताणा आणि त्यावर ते दोन पडदे सोडा. दिवसा बाजूला सारा, गरज पडली की ओढा. आत एक खुंटी, एक आरसा, एक पिवळा दिवा. फक्त पडदा चूल आणि गॅसपासून लांब ठेवा. ज्या घरी पडदा ओढलेला आहे, तिथे हाक मारून आत यायची सवय पुरुषांना आणि पोरांनाही लावा. ती सवय फुकट आहे, पण तिच्याशिवाय पडद्याचा उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपल्या खोलीचा आराखडा वहीच्या पानावर काढून आणा. ऊन कुठून येतं, ओल कुठे धरते, कोण कुठे झोपतं आणि तुम्ही कुठे बसता, एवढंच दाखवा. मग काय आधी करायचं आणि कर्ज लागेल की नाही, ते सगळ्या जणी मिळून ठरवू. एकीकडे उरलेला चुना दुसरीला चालतो, आणि गोधडी तर चौघींनी मिळून घातली की लवकर होते.