छताजवळचा निळसर दिवा
१९५७च्या फ्लूच्या साथीच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या रुग्णालयात क्षयरोग्यांच्या एका इमारतीत अतिनील दिवे होते, बाकीच्यांत नव्हते. दिवे नसलेल्या ठिकाणी सुमारे १९ टक्के रुग्णांना फ्लूची लागण झाली. दिव्यांखाली जेमतेम २ टक्क्यांना. आजही हा आकडा थक्क करतो. २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश विषाणूच्या आरएनएमधले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतो, मग त्याच्या प्रती निघत नाहीत.

घरच्या बऱ्याच वॉटर प्युरिफायरमध्येही असाच दिवा असतो, पण बंद नळकांड्यात. उघड्या दिव्याने कातडी भाजते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. म्हणून खोलीत तो डोक्यापेक्षा उंच, छताच्या बाजूला प्रकाश पडेल असा बसवतात. हातात धरून फिरवायच्या स्वस्त कांड्या मात्र घेऊ नका: प्रकाश क्षणभरच पडतो आणि सावलीतला विषाणू तसाच राहतो.