फोटोत न दिसणारं ऑफिस

पुण्यात बाणेरला किंवा ठाण्यात वागळे इस्टेटला दीड हजार चौरस फुटांची जागा भाड्याने घेतली, की नवा मालक आधी मोबाईलवर फोटो जमवायला लागतो. उघडं छत, काळे रंगवलेले डक्ट, काचेच्या केबिन, भिंतीवर निऑनमध्ये एखादं सुविचारवजा वाक्य आणि कोपऱ्यात मनीप्लांट. इंटिरिअरवाला तेच करून देतो, कारण मागणी तीच असते. पण तिथे रोज नऊ तास बसणाऱ्याला छळतात त्या गोष्टी म्हणजे आवाज, हवा आणि टेबलाची उंची. त्या फोटोत येत नाहीत, आणि ऑफिस सजावटीबद्दलचे बहुतेक गैरसमज त्यामुळेच टिकून आहेत.

‘भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी बोलू लागतात’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत तो तपासून पाहिला. केबिन आणि पार्टिशन काढून मोकळा हॉल करण्याआधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर अडकवले. कोण कोणासमोर किती वेळ बोलतं हे त्यावरून मोजलं. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं, की समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी कमी झालं होतं आणि ई-मेल वाढले होते. यात फार चकित होण्यासारखं काही नाही. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असल्या की माणूस हेडफोन लावून ‘मी कामात आहे’ असं दाखवतो. शेजारच्याला काही विचारायचं तर बाकीचे वीस जण ऐकणार, म्हणून तो टाइप करून विचारतो.

मोकळा हॉल ही आधुनिक कल्पना आहे, हाही भ्रमच. फ्रँक लॉइड राइटने अमेरिकेत बफेलो इथे 1906 साली पूर्ण केलेल्या लार्किन इमारतीत कारकुनांच्या रांगा एका उंच, वरून उजेड येणाऱ्या दालनात बसत. 1950 च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत श्नेले बंधूंनी टेबलांच्या रांगा मोडून, मध्ये झाडं ठेवून कचेरीचा जणू बगीचा मांडला. नंतर रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर कंपनीसाठी 1968 मध्ये हलवता येतील अशा पडद्यांची रचना आणली. माणसाला थोडा आडोसा आणि थोडी मोकळीक मिळावी, हा तिचा हेतू. कंपन्यांनी ते पडदे काटकोनात जोडून खुराडी केली आणि उतारवयात प्रॉप्स्टने स्वतःच त्या प्रकाराला वेडेपणा ठरवलं. आपल्याकडचं तर सांगायलाच नको. लांबच लांब हॉल, फायलींचे ढीग, एकमेकांसमोर टेबलं आणि टोकाला अर्ध्या दाराची साहेबांची केबिन हे चित्र कोणत्याही जुन्या सरकारी कचेरीतलं आहे. नवी फक्त टेबलाची रुंदी. पाच फुटांची जागा चारवर आली, आता त्याहूनही आक्रसते आहे.

मोकळ्या हॉलमागचं खरं कारण भाडं हे आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तसं सरळ सांगावं. ‘सहकार्याची संस्कृती’ हे नाव देऊ नये.

‘भिंतीला फोम लावला की केबिन साउंडप्रूफ होते’

फोम किंवा कापडी पॅनेल खोलीतल्या खोलीतला घुमारा शोषतात. भिंतीपलीकडे जाणारा आवाज ते अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक केबिनची गोची इथे होते. सुतार पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नेतो आणि थांबतो. त्याच्या वर, स्लॅबपर्यंतची पोकळी दोन्ही खोल्यांत सलग असते. एचआरच्या केबिनमध्ये पगाराची बोलणी चालली की शेजारच्या मीटिंग रूममध्ये आकडे ऐकू येतात, ते या वाटेने. पार्टिशन स्लॅबला भिडवा आणि दाराखाली सील बसवा. भिंतीवर फोम चिकटवण्यापेक्षा याने जास्त काम होतं.

उघड्या छताच्या फॅशननेही असंच नुकसान केलं आहे. मिनरल फायबरच्या त्या कंटाळवाण्या पांढऱ्या टाइल्स आवाज शोषायचं काम मुकाट्याने करत होत्या. त्या काढल्या, खाली पॉलिश केलेलं काँक्रीट घातलं आणि बाजूला काच उभी केली, तर आवाजाला मुरायला जागाच उरत नाही. एक गोष्ट मात्र पटकन पटत नाही. त्रास आवाजाच्या मोठेपणाचा फारसा नसतो, तो शब्द समजण्याचा असतो. एसीची सलग घरघर कान विसरून जातात. पण तीन टेबलांपलीकडचा ‘हो आई, औषध घेतलंस का?’ हा फोन पूर्ण ऐकला जातो. म्हणून अगदी शांत ऑफिसात एकाचंच बोलणं जास्त टोचतं. शंभर पॅनेल लावण्यापेक्षा फोनसाठी दोन बंद खोपटी बांधलेली बरी.

‘एसी चालू आहे, म्हणजे हवा ताजी आहे’

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. छतातला कॅसेट एसीही, वेगळा ताज्या हवेचा डक्ट जोडलेला नसेल तर, तेच करतो. हिशोब साधा आहे. बसलेल्या माणसाच्या श्वासातून तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 12 बाय 15 फुटांच्या, नऊ फूट उंच मीटिंग रूममध्ये सुमारे 46 घनमीटर हवा मावते. आठ माणसं दार लावून तासभर बसली, की 144 लिटर जमा होतात, म्हणजे दर दहा लाख भागांत तीन हजारांवर भागांची भर. बाहेरच्या हवेत हे प्रमाण 420 च्या आसपास असतं आणि खोलीतली हवा जुनी झाल्याची खूण म्हणून 1000 चा आकडा धरतात. फटींतून थोडी हवा जाते-येते म्हणून खरा आकडा कमी भरेल, पण हजाराच्या बराच वर राहील. दुपारच्या मीटिंगमध्ये येणाऱ्या जांभईचा सगळा दोष डब्यातल्या भातावर ढकलू नये.

इथे कुंड्यांचा विषय निघतोच. 1989 मध्ये नासाच्या एका अभ्यासात झाडांनी बंद पेटीतली काही दूषित रसायनं कमी केली, आणि तेव्हापासून प्रत्येक नर्सरीवाला नासाचं नाव घेतो. पेटी लहान होती, बंद होती. ऑफिस तसं नसतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये असे जुने प्रयोग एकत्र करून आकडेमोड केली. इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. आपल्या दीड हजार चौरस फुटांना कमीत कमी 1400 कुंड्या. मग बसायचं कुठे? झाडं डोळ्यांना सुखावतात म्हणून जरूर ठेवा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, डेंगीचे डास तिथेच वाढतात. हवेसाठी मात्र एक्झॉस्ट पंखा, उघडणारी खिडकी किंवा ताज्या हवेचा डक्ट हवा.

तापमानाचीही तीच कथा. ऑफिस 20 अंशांवर ठेवणं प्रतिष्ठेचं मानतात आणि निम्म्या बायका मे महिन्यात स्टोल गुंडाळून बसतात. ‘बायकांनाच फार थंडी वाजते’ असं वर ऐकवलं जातं. जगभर वापरल्या जाणाऱ्या आराम-तापमानाच्या सूत्रात शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा आकडा चाळिशीतला, 70 किलो वजनाचा पुरुष धरून घेतलेला आहे. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की तो आकडा स्त्रियांच्या बाबतीत बराच फुगतो. भारतातही अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने वेगवेगळ्या हवामानांतल्या ऑफिसांत लोकांना विचारून आपल्यासाठीचं प्रारूप 2014 मध्ये मांडलं. परदेशी सूत्र सांगतं त्याहून जास्त तापमानात इथली माणसं आरामात असतात, असं त्यातून दिसलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये 24 अंशांची शिफारस केली आणि 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसीत तीच मूळ सेटिंग असते. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. आणि 18 वर लावल्याने साधा एसी लवकर गार करत नाही. तो फक्त उशिरा थांबतो.

‘चांगली खुर्ची घेतली की पाठीचा प्रश्न मिटतो’

तीस हजारांची खुर्ची घेऊन ती चुकीच्या टेबलापुढे ठेवणं हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार. टेबल बहुतेक 75 सेंटिमीटर उंच असतं, अडीच फूट. सुताराच्या डोक्यात तेच माप पक्कं बसलेलं असतं. पाच फूट उंचीच्या बाईचे पाय जमिनीला नीट टेकायचे तर बैठक साधारण 38 ते 40 सेंटिमीटरवर हवी, आणि मग तिचं कोपर साधारण 60 वर येतं. कीबोर्ड त्याहून अर्धा फूट वर. बऱ्याच ऑफिस-खुर्च्या तर 42-43 च्या खाली उतरतच नाहीत. ती खुर्ची वर करते, पाय लोंबकळतात, मांडीखाली रग लागते. मग ती पुढे सरकून टोकावर बसते आणि पाठीमागची महागडी जाळी तिला शिवतही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तकच प्रसिद्ध केलं आहे. फर्निचर ठरवताना ते कोणी उघडत नाही, एवढंच.

उपाय स्वस्त आहेत. टेबलाखाली सरकता कीबोर्ड-ट्रे आणि पायाखाली उतरता लाकडी पाट एवढं पुरे. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर तो उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा जोडावा, नाहीतर मान वाकलेलीच राहते. आणि काटकोनात ताठ बसणं म्हणजे उत्तम बसणं, ही शाळेतली शिकवण विसरा. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन इथे 2006 मध्ये एमआरआय काढून पाहिलं, तेव्हा पाठ मागे रेलून मांडीशी साधारण 135 अंशांचा कोन असताना मणक्यातल्या चकत्यांवरचा ताण ताठ बसण्यापेक्षा कमी दिसला. रेलायला खुर्ची मागे झुकावी लागते. तिचा स्क्रू कायमचा आवळून ठेवलेला नाही ना, ते बघा.

उभ्याच्या टेबलाबद्दल थोडक्यात. बसण्यात खंड पडतो, हा त्याचा फायदा. वजन उतरतं म्हणून कोणी घेत असेल तर घेऊ नये. उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला जेमतेम 0.15 कॅलरी जास्त खर्च होते, तासाला नऊ. रंगांचंही तसंच: निळी भिंत काम वाढवते, पिवळी कल्पना सुचवते वगैरे गोष्टींवर वेळ घालवू नका. टेबलाचं तोंड उत्तरेला की पूर्वेला यावर मात्र तासभर चर्चा होते, आणि शेवटी ते प्लगपॉइंट आहे तिकडेच होतं. दिशेचा एक प्रश्न खरा आहे. पश्चिमेच्या काचेतून तीननंतर ऊन स्क्रीनवर येतं, पडदे ओढले जातात, दिवे लागतात, आणि ज्या काचेसाठी जादा भाडं दिलं ती बंद राहते. खिडकी पाठीशी किंवा समोर न येता बाजूला येईल अशी टेबलं मांडा.

‘नव्याचा वास म्हणजे स्वच्छतेचा वास’

नव्या ऑफिसात शिरताच येणारा तो वास पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, गोंद आणि पॉलिश यांचा. त्यातला एक घटक फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. उष्णता आणि दमटपणा वाढला की बोर्डातून तो जास्त सुटतो, त्यामुळे पावसाळ्यात घाईने उद्घाटन करून खिडक्या बंद ठेवणं सर्वांत वाईट. बोर्ड घेताना उत्सर्जनाची ई-वन किंवा ई-झिरो प्रत विचारा. जुनं लाकडी टेबल सांगाडा धड असेल तर सनमायका बदलून पुन्हा वापरा; त्यातला बराचसा वायू केव्हाच उडून गेलेला असतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुनं सामान दुरुस्त करून मिळतं, आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

‘इमारतीला फायर एनओसी आहे, आपल्याला काय करायचंय?’

21 जून 2012 रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत गेली आणि पाच जणांचा जीव गेला. राज्याच्या सर्वांत महत्त्वाच्या कचेरीची ही गत. इमारतीचं प्रमाणपत्र तुम्ही आत काय बांधलं ते पाहून दिलेलं नसतं. तुमच्या नव्या केबिनचं पार्टिशन स्प्रिंकलर आणि धूरसूचकांच्या रांगेत मध्येच येतं. एका बाजूला दोन उरतात, दुसऱ्या बाजूला एकही नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकाइतकीच जागा वापरणाऱ्यावरही टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत, ब नमुन्यात द्यावं लागतं.

तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला पहिला हप्ता देण्याआधी थ्री-डी चित्रांसोबत आणखी एक नकाशा मागा: ताजी हवा कुठून येते, कोणती पार्टिशन स्लॅबपर्यंत जातात, प्रत्येक बंद खोलीत स्प्रिंकलर कुठे आहे. तो देता येत नसेल, तर काम दुसऱ्याला द्या.