बाळाचे बोल : काळजी केव्हा करावी?

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातील गाव. एकीकडे उसाची शेती, तर दुसरीकडे औद्योगिक वसाहत. अशा गावात मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर वडीलधारी माणसे धीर देतात, "त्याचा बापही उशिराच बोलला." कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू भरवतो, कोणी वेखंड उगाळून जिभेला लावतो. या उपायांमागील माया खरी असते. परंतु त्यात गेलेला काळ परत येत नाही. सर्व मुले एकाच वेगाने बोलू लागत नाहीत, हे मान्य केले तरी कोणता उशीर स्वाभाविक व कोणता दखल घेण्याजोगा, हे पालकांना ओळखता येते.

आधी ऐकणे, मग बोलणे

मूल भाषा कानाने शिकते. म्हणून बोलण्यास उशीर झाला की पहिली शंका श्रवणाची घ्यावी. जन्मतः ऐकू न येणारे मूलही सुरुवातीस रडते, हुंकार देते. त्यामुळे दोष लक्षात येत नाही. दार आपटल्यावर मूल दचकले, म्हणजे त्यास ऐकू येते, असे समजणे धोक्याचे आहे. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातील बारीक ध्वनी निसटू शकतात. वारंवार कान वाहणे, हेही श्रवण मंदावण्याचे कारण असते.

वयाचे टप्पे

दोन-तीन महिन्यांचे मूल हुंकार देते. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू होते. वर्षाचे मूल नावाने हाक मारली की वळून पाहते, हवी ती वस्तू हाताने दाखवते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास ते 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसासही समजते.

पुढील खुणा दिसल्यास थांबू नये : वर्षभरात बडबड किंवा हातवारे नसणे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसणे, हाक मारूनही न पाहणे, नजरेस नजर न देणे. येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, तपासणी तत्काळ करावी. श्रवणदोषाखेरीज स्वमग्नता किंवा बौद्धिक विकासातील अडचण यांचीही ही लक्षणे असू शकतात.

काही गैरसमज

जिभेखालचा पडदा आखूड असल्याने उच्चारांत क्वचित अडचण येते. पण मूल मुळीच बोलत नसेल, तर त्याचे कारण सहसा अन्यत्र असते. घरात मराठी आणि शेजारी हिंदी, अशा दोन भाषा कानी पडल्याने वाचादोष उद्भवत नाही. मुलास दोन्ही भाषांत मिळून किती शब्द येतात, ते पाहावे. बोलण्यासाठी म्हणून तान्ह्या बाळास मध चाटवणे तर घातकच. वर्षाच्या आतील मुलास मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

तपासणीची सोय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते. दोष आढळल्यास मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्यात येते. ऊसतोडणीसाठी हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबांची मुले दोन गावांच्या मध्ये सुटून जाण्याचा संभव अधिक. अशा पालकांनी पथकाची वाट न पाहता जवळच्या अंगणवाडी सेविकेस वा आशा कार्यकर्तीस सांगावे आणि तपासणीचे कागद सोबत बाळगावे.

कानाची तपासणी नवजात बालकाचीही होते. 'बेरा' या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला लावलेल्या तारांवरून श्रवणाचा अंदाज मिळतो. त्यात वेदना होत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, हा जगभर मानला गेलेला क्रम आहे. श्रवणयंत्र तान्ह्या बाळासही बसविता येते. यंत्राचा उपयोग होत नसलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या पात्र बालकांना 'कॉक्लिअर इम्प्लांट' शस्त्रक्रियेसाठी केंद्र शासनाच्या योजनेतून साहाय्य मिळू शकते. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात कार्य करते.

घर हीच पहिली शाळा

उपचार कोणताही असो, त्यास घरच्या बोलण्याची जोड हवी. भाकरी थापताना, गाईस चारा घालताना, अंघोळ घालताना आईने, आजीने, वडिलांनी मुलाशी बोलावे. त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे. मोबाइलमधील गाणी ऐकून मूल शांत बसते, पण संवाद शिकत नाही. दोन वर्षांखालील मुलास पडद्यापासून दूर ठेवणेच हिताचे.

तपासणीत काही आढळले नाही, तर चिंता मिटते. आढळले, तर उपचारास वेळ मिळतो. भाषा आत्मसात करण्याची शक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वांत अधिक असते. म्हणूनच 'बोलेल हळूहळू' असे म्हणण्याआधी मुलाचे कान एकदा तपासून घ्यावेत, हेच शहाणपणाचे होय.