धक्क्याला लागलेले रुग्णालय

मर्सी शिप्स ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था आपली रुग्णालये जहाजांवर चालवते. जहाज आफ्रिकेतल्या एखाद्या बंदरात धक्क्याला लागते, साधारण दहा महिने तिथेच राहते आणि त्या काळात तिथल्या गरीब रुग्णांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. मग ते डागडुजीसाठी गोदीत जाते आणि तिथून पुढच्या मुक्कामाला निघते. जहाजावरचे सर्जन, परिचारिका, कप्तान, इंजिनिअर, आचारी आणि शिक्षक हे सारे स्वयंसेवक असतात. त्यांना पगार नसतो. विमानाचे भाडे आणि जहाजावर राहण्या-जेवण्याचा खर्च ते स्वतःच भरतात. अनेकांचा हा खर्च त्यांच्या चर्चमधली मंडळी आणि मित्र वाटून घेतात.

या कामाची गरज किती मोठी आहे हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये मांडले. जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही आणि दर वर्षी आणखी १४.३ कोटी शस्त्रक्रियांची गरज आहे, असा त्या आयोगाचा हिशोब होता. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत ही टंचाई फार मोठी आहे. तिथे सर्जन थोडे आहेत, भूलतज्ज्ञ त्याहून थोडे. शिवाय ऑपरेशनच्या मध्यात वीज गेली, पाणी आटले किंवा ऑक्सिजन संपला, तर असलेल्या सर्जनचेही हात बांधले जातात. जहाज आपली वीज आपणच तयार करते आणि पाणी व हवा शुद्ध ठेवण्याची यंत्रणाही सोबत बाळगते. रुग्णालय समुद्रावर नेण्यामागचे खरे कारण एवढेच आहे.

संस्थेचे संस्थापक डॉन स्टीफन्स १९६४ मध्ये तरुणांच्या एका ख्रिस्ती मोहिमेसोबत बहामा बेटांवर होते. तेव्हा तिथे क्लिओ हे चक्रीवादळ आले आणि डॉक्टर व औषधे घेऊन येणाऱ्या जहाजाची कल्पना त्यांच्या मनात बसली. ती प्रत्यक्षात यायला चौदा वर्षे लागली. १९७८ मध्ये डॉन आणि डियॉन स्टीफन्स या दांपत्याने ‘व्हिक्टोरिया’ ही इटालियन प्रवासी बोट सुमारे दहा लाख डॉलरना, म्हणजे भंगाराच्या भावात घेतली. लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची ही १९५३ची बोट एके काळी इटलीहून सुएझमार्गे मुंबईला येत असे आणि पुढे अतिपूर्वेकडे जात असे. स्वयंसेवकांनी ग्रीसमध्ये काही वर्षे खपून तिची दुरुस्ती केली आणि १९८२ मध्ये ती ‘अनास्तासिस’ या नावाने पुन्हा समुद्रावर निघाली. निवृत्तीनंतर २००७ मध्ये तिचा शेवट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर झाला.

तिच्या जागी आलेले ‘आफ्रिका मर्सी’ मुळात डेन्मार्कची रेल्वे फेरी होते. १९८० मध्ये बांधलेली ‘द्रोनिंग इंग्रिड’ ही फेरी ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीतून आगगाडीचे डबे पलीकडे नेत असे. १९९७ मध्ये सामुद्रधुनी ओलांडून थेट गाड्या धावू लागल्या आणि फेरीचे काम संपले. संस्थेने १९९९ मध्ये ती घेतली, इंग्लंडमध्ये टाइन नदीवरच्या गोदीत तिचे रूपांतर केले आणि २००७ मध्ये ती लायबेरियात दाखल झाली. डबे उभे राहायचे त्या रुंद, खांब कमी असलेल्या मजल्यावर आज पाच शस्त्रक्रियागृहे, सीटी स्कॅन, प्रयोगशाळा आणि वॉर्ड आहेत. तिसरे मोठे जहाज ‘ग्लोबल मर्सी’ मात्र पहिल्यापासून रुग्णालय म्हणूनच आखलेले आहे. चीनमधल्या तिआनजिनला ते बांधले गेले आणि २०२१ मध्ये संस्थेच्या ताब्यात आले. लांबी १७४ मीटर, सहा शस्त्रक्रियागृहे, रुग्णांसाठी सुमारे दोनशे खाटा. २०२२ मध्ये ते सेनेगलची राजधानी डाकार इथे गेले आणि २०२३ पासून सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला त्याने मुक्काम ठोकला.

मोतीबिंदू, हर्निया, भाजल्यामुळे आखडलेले हात, मुलांचे वाकडे पाय, दुभंगलेले ओठ, बाळंतपणात अडल्यामुळे बायकांना होणारा फिस्टुला अशी कामाची यादी लांब आहे. पण या जहाजांची ओळख ज्या कामाने झाली ते काम चेहऱ्याचे आणि जबड्याचे आहे. त्यातही अमेलोब्लास्टोमा ही गाठ समजून घेतली पाहिजे. दातावरचे कवच घडवणाऱ्या पेशींच्या वंशातून ती उगवते, बहुधा खालच्या जबड्यात. ती सहसा कर्करोगाची नसते, फारशी दुखत नाही आणि सावकाश वाढते. म्हणूनच ती फसवते. जिथे दंतवैद्य आहे तिथे ती सुपारीएवढी असतानाच एक्स-रेमध्ये दिसते आणि काढली जाते. जिथे नाही तिथे ती दहा-पंधरा वर्षे वाढत राहते. दात बाजूला ढकलले जातात, जीभ मागे सरकते, तोंड मिटत नाही, घास गिळता येत नाही. शेवटी माणूस उपासमारीने किंवा श्वास कोंडून मरतो, आणि तेही कर्करोग नसलेल्या गाठीमुळे. तोवर गावाने त्याला वाळीत टाकलेले असते, कारण एवढे विद्रूप दुखणे कुणाच्या तरी शापाने किंवा करणीने आले, असा समज अनेक ठिकाणी असतो.

या शस्त्रक्रियेत पहिली कसोटी भूलतज्ज्ञाची लागते. नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला झोपवून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. इथे तोंड गाठीने भरलेले असते. रुग्ण झोपला आणि नळी गेली नाही, तर काही मिनिटांत सारे संपते. म्हणून त्याला जागे ठेवून, नाक आणि घसा बधिर करून, दुर्बीण लावलेली बारीक नळी नाकातून हळूहळू आत नेतात. त्याने न घाबरता श्वास घेत राहावे लागते आणि त्यासाठी कानाशी त्याच्या भाषेत बोलणारा दुभाषी लागतो. नंतर सर्जन गाठीसकट जबड्याचे हाड काढतो. कडेचे थोडे निरोगी हाडही काढावे लागते, नाहीतर गाठ परत येते. काढलेल्या हाडाच्या जागी टिटॅनियमची वाकवलेली पट्टी स्क्रूने बसवतात. रक्त लागले तर ते जहाजावरच मिळते. रक्तगट जुळणारा स्वयंपाकी किंवा इंजिनिअर हातातले काम सोडून प्रयोगशाळेत येतो आणि त्याचे ताजे रक्त थिएटरमध्ये जाते. ज्या बंदरात रक्तपेढीचा भरवसा नाही, तिथे जहाजावरचे कर्मचारी हीच रक्तपेढी.

पट्टी हा मात्र तात्पुरता आधार आहे. चावण्याचा ताण ती वर्षानुवर्षे सोसत नाही. सैल होते, तुटते किंवा कातडीतून बाहेर येते. म्हणून जखम भरल्यावर काही महिन्यांनी कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन जबड्यात त्याचे कलम करावे लागते. हे दुसरे ऑपरेशन जहाज निघण्याआधी व्हायला हवे. पहिले ऑपरेशन मुक्कामाच्या सुरुवातीला झाले तरच हे जमते, त्यामुळे मोठ्या गाठींचे रुग्ण आधी घ्यावे लागतात. जहाजाचे वेळापत्रक असे थेट हाडापर्यंत पोचते.

या कामाशी सर्वांत जास्त जोडलेले नाव डॉ. गॅरी पार्कर यांचे. कॅलिफोर्नियातले हे मॅक्सिलोफेशियल, म्हणजे चेहरा-जबड्याचे सर्जन १९८०च्या दशकात काही महिन्यांसाठी म्हणून ‘अनास्तासिस’वर आले आणि तीन दशकांहून अधिक काळ जहाजांवरच राहिले. लग्न जहाजावरच्या सहकारी स्त्रीशी झाले, मुले जहाजावरच्या शाळेत शिकली. मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांच्या राहण्याने साधले ते दोन-तीन आठवड्यांसाठी येणारा सर्जन, कितीही निष्णात असला तरी, साधू शकत नाही. कोणती गाठ किती वर्षांनी परत येते, कुपोषित रुग्णाची जखम कशी वागते, कुणाला आधी महिनाभर खाऊ घालून मगच टेबलावर घ्यावे, हे ज्ञान एका जागी टिकून राहिल्याशिवाय साचत नाही. नव्या सर्जननी ते त्यांच्या शेजारी उभे राहून घेतले. दर आठवड्याला नवे चेहरे येणाऱ्या जहाजाला असा एक माणूस नसता, तर ही शस्त्रक्रिया तिथे रुजली असती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

टिकून राहणारा दुसरा वर्ग स्थानिकांचा. प्रत्येक मुक्कामात संस्था त्या देशातल्या शेकडो लोकांना रोजंदारीवर घेते. यांना वेतन मिळते. वॉर्डातले दुभाषी यांच्यातलेच असतात. फ्रेंच किंवा इंग्रजीबरोबर सुसू, फुला, वोलोफ, क्रिओ किंवा मालागासी बोलणारा हा तरुण परिचारिकेचे वाक्य रुग्णाला सांगतो आणि रुग्णाची भीती परिचारिकेला. फडक्याने चेहरा झाकून आलेल्या बाईशी पहिला मोकळा संवाद त्याचाच होतो.

दातांचा दवाखाना बहुधा जहाजावर नसतो. किनाऱ्यावर एखादी इमारत घेऊन तिथे खुर्च्या, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह मांडतात. आकड्यांत दंतोपचार शस्त्रक्रियांच्या कितीतरी पुढे असतात, तरी छायाचित्रे जहाजाचीच निघतात. इथला रुग्ण बहुधा वर्षानुवर्षे ठणकणारी दाढ घेऊन येतो. कीड मुळापर्यंत गेलेली असते, जबड्यात पू झालेला असतो. अशा वेळी दाढ काढणे हाच सुरक्षित मार्ग उरतो. हे किरकोळ काम नव्हे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात पसरला, तर सूज येऊन श्वास बंद होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे.

नोमा हा तोंडाच्या आजारांतला सर्वांत भीषण. कुपोषित लहान मुलाला गोवर किंवा मलेरिया होऊन जातो, हिरडीवर व्रण पडतो आणि काही दिवसांत गालाचे मांस व हाड सडून गळते. उपचार न मिळाल्यास बहुतेक मुले दगावतात. वाचलेल्यांचा जबडा आखडून बंद होतो. सुरुवातीलाच साधी प्रतिजैविके, तोंडाची स्वच्छता आणि पोटभर अन्न मिळाले, तर हा रोग थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने तो उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये. गालाची पुनर्रचना करणारा सर्जन जहाजावर असतो, पण त्याची गरजच पडू नये हे काम गावातली आरोग्यसेविका आणि दंतवैद्यच करू शकतात.

इथून अडचणी सुरू होतात. पहिली अडचण निवडीची. जहाज येणार म्हटल्यावर हजारो लोक तपासणीला रांग लावतात आणि त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवावे लागते, कारण त्यांचा आजार जहाजाच्या आवाक्याबाहेरचा असतो. ज्यांचा कर्करोग पसरलेला असतो त्यांना नकार सांगायला परिचारिका बाजूला घेऊन बसतात. काहींच्या घरी वेदनाशामक उपचारांसाठी पुढेही जातात. दुसरी अडचण अंतराची. शस्त्रक्रिया मोफत असली तरी आतल्या गावातून बंदरापर्यंतचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचे जेवण मोफत नसते. म्हणून संस्थेची पथके अंतर्गत भागात जाऊन रुग्ण शोधतात आणि त्यांना आणण्याची सोय करतात. साथीही वेळापत्रक मोडतात. २०१४ च्या इबोलामुळे ‘आफ्रिका मर्सी’ पश्चिम आफ्रिकेत जाण्याऐवजी मादागास्करला गेले. ज्या भागात गरज वाढली होती, तिथून रुग्णालय दूर राहिले. चारशे लोकांच्या बंदिस्त जहाजासाठी तो निर्णय योग्यच होता, पण किनाऱ्यावरचे सर्जन आणि परिचारिका मात्र जागच्या जागी राहिले.

धर्माचा प्रश्न टाळता येत नाही. रुग्णाचा धर्म पाहून उपचार ठरत नाहीत. सेनेगल आणि गिनी हे मुस्लिमबहुल देश आहेत आणि तिथल्या सरकारांनीच जहाजाला बोलावले होते. वॉर्डात प्रार्थना आणि भजने होतात, आणि अनेक स्वयंसेवकांना एवढा खर्च सोसून आणते ती त्यांची श्रद्धाच. तरीही दुसरीकडे कुठेच मिळणार नाही असे ऑपरेशन ज्याच्या हाती त्याला ‘प्रार्थना नको’ म्हणणे रुग्णाला सोपे नसते. हा तोल सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे देणाऱ्यावर येते.

सर्वांत अवघड प्रश्न मागे काय उरते याचा. जुन्या वैद्यकीय मिशनचे उत्तर वेगळे होते. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि जवळजवळ चार दशके तिथेच काढली. मिरजेला वैद्यकीय केंद्राचे रूप त्या मुक्कामातून आले. जहाजाला तसे राहता येत नाही. अल्पमुदतीच्या परदेशी मोहिमांवरचे आक्षेप त्याला लागू पडतात: रुग्णाची पुढची तपासणी कोण करणार, मोफत दवाखान्यामुळे शहरातल्या स्थानिक दंतवैद्याचे काय होणार, पट्टी सैल झाली तर कुठे जायचे. अमेलोब्लास्टोमाची गाठ तर अनेक वर्षांनीही उलटते, तेव्हा जहाज दुसऱ्याच देशात असते.

संस्थेने याचे उत्तर प्रशिक्षणात शोधले. मादागास्कर आणि बेनिनमधल्या रुग्णालयांत फिरून ऑपरेशनपूर्वीची सुरक्षा-तपासणी यादी वापरण्याचे शिक्षण दिले गेले. पाय वाकडे असलेल्या बाळांना दर आठवड्याला प्लास्टर घालण्याची पद्धत स्थानिकांना शिकवली गेली. गिनीतल्या कोनाक्रीच्या गमाल अब्देल नासेर विद्यापीठाच्या दंतविभागाशी भागीदारी करून तिथला शिकवण्याचा दवाखाना उभा करण्यात आला, जेणेकरून गिनीचे विद्यार्थी गिनीतल्याच रुग्णांच्या दातांवर हात बसवतील. अलीकडे एका देशात अनेक वर्षे परत परत जाण्याचे धोरण आहे, आणि फ्रीटाऊनचा लांबलेला संबंध त्याचाच भाग आहे.

हे उत्तर अजून अपुरे आहे. प्रशिक्षित सर्जन आपल्या रुग्णालयात परततो तेव्हा टिटॅनियमच्या पट्ट्या आयात कराव्या लागतात, भूल देण्याचे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा सापडत नाही, आणि रुग्णाला ऑपरेशनचे पैसे खिशातून भरावे लागतात. मे २०२२ मध्ये डाकारला जमलेल्या आफ्रिकी देशांच्या प्रतिनिधींनी २०३० पर्यंत शस्त्रक्रिया, प्रसूती आणि भूल या सेवा सर्वांपर्यंत नेण्याच्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. त्यासाठीचा पैसा त्या त्या देशांच्या अर्थसंकल्पातून यायचा आहे आणि त्यातले बरेचसे देश कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेले आहेत. तोवर फ्रीटाऊन आणि मादागास्करमधल्या तोआमासिनाच्या धक्क्यांवरच्या जहाजांना दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि जबड्याचे सर्जन हवेच आहेत. दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यांपेक्षा दोन वर्षे राहू शकणाऱ्यांची गरज तिथे अधिक आहे.