अचानक सापडलेली गाठ : पुन्हा स्कॅन हवा की नको?

तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगाराच्या कुशीत मुतखड्याची कळ उठते. बोईसर वा पालघरमध्ये पोटाचा सीटी स्कॅन होतो आणि अहवालात खड्याबरोबरच ‘डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत दोन सेंटिमीटरची गाठ’ अशी एक ओळ येते. खडा पडून जातो, पण ती ओळ घरातील सर्वांच्या मनात ठाण मांडून बसते. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मुंबईची वारी, पुन्हा बुडालेला रोज. हे सारे खरोखरच आवश्यक असते का?

ॲड्रिनल अर्थात अधिवृक्क ग्रंथी दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. परंतु रक्तदाब, साखर आणि क्षारांचा तोल राखणारी संप्रेरके त्यांतून स्रवतात. पन्नाशीच्या सुमारास शंभरातील साधारण तिघांना अशी गाठ आढळते, उतारवयात हे प्रमाण दहापर्यंत जाते. त्यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात.

निर्णायक आकडा

गाठीची घनता हाऊन्सफील्ड एककांत मोजतात. पाण्याची घनता शून्य, तर चरबीची त्याहून कमी. साध्या गाठीत बहुधा चरबी असल्याने तिचा आकडा खाली राहतो. तो १० किंवा त्याहून कमी असेल आणि गाठ सर्वत्र एकसारखी दिसत असेल, तर ती कर्करोगाची नाही असे मानतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीसाठी, तिचा आकार काहीही असो, पुन्हा स्कॅनची गरज नाही. मुतखड्यासाठीचा स्कॅन बहुधा औषध न टोचता केलेला असतो, त्यामुळे हा आकडा त्याच चित्रांवरून काढता येतो. औषध टोचून केलेल्या स्कॅनमधील आकडा मात्र यासाठी ग्राह्य नसतो.

आकडा ११ ते २० आणि आकार ४ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास लगेच आणखी एक तपासणी करतात, किंवा १२ महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. याहून दाट, मोठी वा विषम दिसणारी गाठ असल्यास संप्रेरकतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून निर्णय घ्यावा. काहींना शस्त्रक्रिया लागते.

संप्रेरकांची चाचणी टाळू नका

स्कॅन गाठीचे रूप दाखवतो, तिची करणी दाखवत नाही. रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल मोजावे. रक्तदाब वाढलेला किंवा पोटॅशियम कमी असल्यास अल्डोस्टेरॉन व रेनिनही तपासावे. घनता १० च्या वर असेल, तर मेटानेफ्रिनची चाचणी आवश्यक ठरते. हे सारे प्राकृत आले, तर नवी लक्षणे उद्भवल्याखेरीज वा रक्तदाब-मधुमेह बळावल्याखेरीज चाचण्या पुन्हा करण्याचे कारण नाही.

भीतीला उत्तर

‘आज साधी आहे, उद्या बिघडली तर?’ ही शंका स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात संप्रेरके न स्रवणाऱ्या, तसेच किंचित कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या गाठींच्या ४,१२१ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. सुमारे साडेचार वर्षांत गाठी सरासरी २ मिलिमीटर वाढल्या आणि त्यांतील एकाही गाठीचा ॲड्रिनल कर्करोग झाला नाही.

१९६९ पासून अणुवीजकेंद्र असलेल्या तारापूर परिसराला किरणोत्सर्ग हा शब्द नवा नाही. पोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते; निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी २.४ आहे. स्कॅन गरजेचा असेल तेव्हा ही मात्रा जरूर स्वीकारावी, परंतु केवळ मनाच्या समाधानासाठी नव्हे.

चाळिशीच्या आतील व्यक्ती, गर्भवती आणि लहान मुले यांच्या गाठीची तपासणी मात्र तातडीने व्हावी. दोन्ही बाजूंस गाठी असतील, तर क्षयरोगासारखी कारणेही तपासावी लागतात.

स्कॅनची सीडी जपून ठेवा. घनतेचा आकडा अहवालात लिहून मागा आणि संप्रेरकतज्ज्ञाचा सल्ला एकदा अवश्य घ्या. आकडा व चाचण्या निर्वाळा देत असतील, तर स्कॅन थांबवणे ही हयगय नसून योग्य उपचारच होय.